चोर सोडून गादीला सुळी : एका घरातलं ढेकणांचं प्रकरण

फोनवर बाईंचा पहिला प्रश्न ढेकणांबद्दल नव्हताच. “तुमच्या गाडीवर नाव रंगवलेलं असतं का?” नसतं, असं कळल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “ढेकूण झालेत बहुतेक. पण आमचं घर तसलं नाहीये हो.”

पेस्ट कंट्रोलच्या कामात हे शेवटचं वाक्य सारखं कानावर येतं. तसलं घर म्हणजे कसलं, ते कुणी सांगत नाही. ढेकणाला झोपलेल्या माणसाचं रक्त लागतं आणि दिवसा दडून बसायला एटीएम कार्ड जाईल एवढी फट. घर आरशासारखं लख्ख असलं तरी या दोन गोष्टी तिथे असतातच. पसारा असला की लपायला जागा वाढते आणि आमचं काम लांबतं, एवढाच फरक. लाजेचा तोटा मात्र खरा असतो. ही मंडळी अकरा आठवड्यांनी बोलली, आणि त्या अकरा आठवड्यांत त्यांनी जे जे केलं त्यातल्या निम्म्या गोष्टी ढेकणांच्या पथ्यावर पडल्या होत्या.

घरात चौघं. नवरा-बायको एका खोलीत, कॉलेजला जाणारी मुलगी आणि तिची आजी दुसऱ्या खोलीत. मुलीचा पलंग खिडकीशी, आजींची जुनी लाकडी खाट समोरच्या भिंतीला. मधे जेमतेम दोन पावलांची वाट.

आधी काय काय झालं होतं

मुलीच्या दंडावर आणि मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. आधी डासांवर संशय घेतला, जाळ्या बसवल्या. मग साबण बदलला, कपडे धुण्याची पावडर बदलली. त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. खाज कमी झाली, गांधी येतच राहिल्या. डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ढेकणाच्या चाव्यावर ‘मी ढेकणाचा’ असं लिहिलेलं नसतं. एका ओळीत तीन चट्टे आले की ढेकूणच, असं लोक सांगतात, पण ती खूण भरवशाची नाही. कुणाच्या अंगावर ओळ उमटते, कुणाच्या अंगावर पुंजका, आणि कुणाच्या अंगावर काहीच उमटत नाही. शिवाय गांध लगेच उठेलच असं नाही. पहिल्या काही चाव्यांनंतर ती दिसायला कित्येक दिवस, क्वचित दोन आठवडेही लागतात. तोवर कुठे झोपलो होतो हे माणूस विसरून जातो.

या घरात आणखी एक घोटाळा होता. चावत होतं फक्त मुलीला. आई-वडील दुसऱ्या खोलीत, आणि आजी म्हणायच्या, “मला नाही बाई काही चावत.” म्हणून सगळ्यांनी मुलीच्या पलंगाला धरलं. गादी उलटीपालटी केली, दोनदा उन्हात टाकली. उन्हानं गादीची वरची बाजू तापते. ढेकूण शिवणीतून खालच्या गार बाजूला सरकतो, संध्याकाळी आपण त्यालाही गादीबरोबर आत आणतो. सहाव्या आठवड्यात ती गादी टाकून दिली. ती खोलीतून, बैठकीतून, दारातून ओढत नेली. नवी आणली. चार दिवसांनी नव्या गादीवर गांधी. ढेकणाच्या संगतीनं हिरा भंगतो म्हणतात, इथे गादी गेली. पुढे मला जे सापडलं ते पाहता त्या गादीत फारसं काही नसावं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

मग मुलगी वैतागून उशी-पांघरूण उचलून बैठकीतल्या सोफ्यावर झोपायला गेली. दहा दिवस शांततेत गेले, नंतर तिथेही चावायला लागलं. शेवटचा उपाय म्हणून बाजारातून फॉगर आणला. डब्याची कळ दाबायची, दार लावून बाहेर जायचं, घरभर धूर. दुसऱ्या दिवशी खाटेजवळ दोन ढेकूण मेलेले सापडले. त्यामुळेच ‘ढेकूण झालेत बहुतेक’ असं बाई म्हणाल्या होत्या. त्या फॉगरचं मी एवढंच पुण्य मानतो. त्याचे थेंब हवेत तरंगून उघड्या पृष्ठभागावर बसतात. फटीत दडलेल्यांपर्यंत पोचतच नाहीत. वर काही औषधांनी बिचकलेले ढेकूण आणखी आत किंवा पलीकडच्या खोलीकडे सरकतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ साली असे डबे तपासून पाहिले होते, तेव्हाही आडोशाला बसलेल्या ढेकणांवर त्यांचा परिणाम जवळजवळ झाला नव्हता.

तपासणी

मी गेलो ते सकाळी. बरोबर टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, एक मुदत संपलेलं एटीएम कार्ड, ओला कापूस आणि चिकटपट्टी. फवारणीचा पंप गाडीतच ठेवला. पहिल्या भेटीत पंप हातात असला की माणूस बघायचं सोडून मारायला लागतो, आणि मीही त्याला अपवाद नाही.

मुलीचा पलंग लोखंडी नळ्यांचा, नव्या गादीच्या किनारीला दोन-तीन काळे ठिपके. सोफ्याच्या मागच्या शिवणीत एक पिल्लू. एवढ्याशावर अकरा आठवडे चावणं जुळत नव्हतं. तेव्हा मी आजींना म्हटलं, “आजी, तुमची खाट जरा उघडू का?” त्या म्हणाल्या, “उघडा की, पण माझ्याकडे काही नाही.”

उशाकडची फळी चार स्क्रूंनी बसवलेली होती. ती सोडवून पालथी केली आणि बाई तोंडाला पदर लावून मागे सरल्या. स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती बॉलपेनाची रिफिल गळावी तसे काळे ठिपके, एकात एक मिसळलेले. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओला कापूस फिरवला की तो तांबूस-तपकिरी होतो. धूळ किंवा बुरशी असेल तर तसा रंग सुटत नाही. फळीच्या खाचेत पारदर्शक, पिवळट काती पडलेल्या, लहानमोठ्या. त्यांच्या आड पांढरी, मोत्यासारखी चमकणारी अंडी, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटर लांब, लाकडाला डिंकानं चिकटवल्यासारखी. मी कार्ड खाचेतून ओढलं तशी ती मंडळी बाहेर आली. प्रौढ ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस-तपकिरी. नुकतंच प्यालेलं एक पिल्लू, पोटात लाल टिंब घेऊन घाईघाईनं फळीच्या काठाकडे निघालं होतं. फळी उघडताच एक गोडसर, कुबट वास आला. असा वास खोलीत शिरल्याबरोबर येत असेल तर वस्ती फार वाढलेली समजावी. इथे तो फळीपुरता होता.

आजींना ढेकूण चावत नव्हते असं नाही. सर्वांत जास्त त्यांनाच चावत होते. त्यांची कातडी बोलत नव्हती, एवढंच. म्हाताऱ्या माणसांत असं बरंच दिसतं. त्यामुळे ‘चावतंय कुणाला’ याच्यावरून मूळ जागा शोधायला गेलं की हटकून चूक होते. घरात जितकी माणसं झोपतात तितक्या जागा उघडून पाहायच्या, तक्रार असो वा नसो.

खाटेखाली एक प्रवासी बॅग होती. घरच्यांना तिच्यात काही वावगं वाटलं नव्हतं, रिकामी तर होती. चेनच्या कडेची कापडी पट्टी उलटून पाहिली. सात-आठ काळे ठिपके आणि एक कात. मी विचारलं, “शेवटचं कुठे गेला होतात?” अकरा आठवड्यांपूर्वी चौघं प्रवासाला गेले होते, हॉटेलात चार रात्री. परत आल्यावर कपडे काढून घेतले आणि बॅग सरकवली आजींच्या खाटेखाली, तिची नेहमीची जागा म्हणून.

हिशेब जुळत होता. अंडं साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला पोटभर रक्त लागतं. उबदार घरात रोज रक्त मिळत असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंत पाच-सहा आठवडे पुरतात. फळीमागे अंडी, सगळ्या वयाची पिल्लं, प्रौढ आणि भरपूर काती, म्हणजे किमान दुसरी पिढी चालू होती. एवढ्याला एक फळलेली मादीही पुरते. ती दिवसाला काही मोजकीच अंडी घालते, पण आयुष्यभरात ती संख्या दोनशेच्या पुढे जाऊ शकते. तिचीच पिल्लं आपापसात वंश वाढवतात, नात्यागोत्याची त्यांना अडचण येत नाही.

उपाय

मुलीला मी पहिली गोष्ट सांगितली ती तिला अजिबात आवडली नाही. आज रात्रीपासून परत आपल्या पलंगावर झोपायचं.

“काका, म्हणजे मी आमिष?”

“हो. पण वाट बंद केलेलं आमिष.”

झोपलेल्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ढेकणाला बोलावते. माणूस उठून दुसरीकडे गेला की ढेकूण त्याच्या मागे निघतो, किंवा त्याच्या उशीतून आधीच पोचतो. सोफ्याला लागण झाली ती तशी. रिकाम्या पलंगातला ढेकूण उपासानं मरेल म्हणावं तर तो महिनोनमहिने तग धरतो, थंड जागेत त्याहूनही जास्त. तेव्हा माणसानं जागा सोडायची नाही. जागाच सुरक्षित करायची.

दोन्ही पलंग भिंतीपासून हात-दीड हात ओढले. चादरीची टोकं जमिनीला लागणार नाहीत अशी खोचली. पलंगांच्या आणि सोफ्याच्या प्रत्येक पायाखाली दुहेरी कडेची प्लॅस्टिकची वाटी ठेवली. चढणारा ढेकूण बाहेरच्या खळगीत पडतो, उतरणारा आतल्या. गुळगुळीत भिंतीवर त्याचे पाय ठरत नाहीत. माणसाच्या घरात राहणाऱ्या दोन मुख्य जाती आहेत, सायमेक्स लेक्ट्युलॅरिअस आणि उष्ण प्रदेशातली सायमेक्स हेमिप्टेरस. दुसरीचे काही ढेकूण गुळगुळीत वाटीही चढून जातात असं आढळलं आहे, म्हणून मी आतून टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवतो. या वाट्या म्हणजे पहारा आणि हजेरीपट, दोन्ही. कुठल्या पलंगाखाली, आतल्या की बाहेरच्या खळगीत, किती, हे बाईंनी रोज वहीत लिहायचं ठरलं.

मग खाट सुटी सुटी केली. आधी व्हॅक्यूम क्लीनरचं चपटं तोंड प्रत्येक खाचेतून फिरवलं आणि त्याची पिशवी तिथल्या तिथे बांधून बाहेर नेली. नंतर वाफ. वाफेचं मशीन बऱ्याच जणांकडे असतं, पण ते लोक खिडक्या पुसल्यासारखं भराभर फिरवतात. ते मुंगीच्या चालीनं न्यायचं, आणि झोत जोराचा नको, नाहीतर पिल्लं मरायच्या ऐवजी उडून खोलीभर पांगतात. उष्णतेचं गणित सोपं आहे. ४५ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण मरायला दीडएक तास लागतो, अंड्यांना सुमारे सात तास. ५० अंशांच्या वर गेलं की दोन्ही जवळजवळ लगेच मरतात. म्हणून सगळे कपडे, चादरी, अभ्रे, पडदे गरम पाण्यात आणि मग ड्रायरमध्ये जास्तीत जास्त तापमानावर अर्धा तास. धुता न येणारे पण उष्णता सोसणारे कपडे कोरडेच ड्रायरमध्ये. मुलीच्या एका कापडी बाहुलीला ड्रायर सोसणार नव्हता, ती पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवली. फ्रिजचा साधा खण त्याला चालत नाही.

गाद्यांना चेनचे पूर्ण बंद होणारे खोळ चढवले. ते वर्षभर काढायचे नाहीत. आत एखादा उरला तर आतच संपतो. स्क्रूच्या भोकांत, स्कर्टिंगमागे आणि वीज बंद करून स्विचबोर्डाच्या पेटीत सिलिकाची कोरडी भुकटी अगदी विरळ भुरभुरली. ती ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो. ढीग घातला तर तो वळसा घालून जातो, शिवाय आपल्या छातीत जाते ती वेगळीच.

फवारणी मी शेवटी आणि थोडीच केली. आजी म्हणाल्या, “मधे कितीतरी वर्षं ढेकूण दिसलेच नाहीत, आता कुठून आले?” त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीनं ढेकणांचा जगभर फडशा पाडला, पण १९४७ सालीच हवाई बेटांवरच्या लष्करी बराकींत त्याला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगात ते पुन्हा वाढले. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि ते पचवणारे ढेकूण ठिकठिकाणी आहेत. म्हणून एकाच औषधाचा मारा वाढवत नेण्यात अर्थ नाही. रॉकेल किंवा स्पिरिट शिंपडण्यात तर त्याहून नाही, त्यानं घरं पेटलेली आहेत.

माझी चूक

पहिल्या आठवड्यात आजींच्या खाटेखालच्या वाट्यांत ११ ढेकूण, मुलीच्या पलंगाखाली ४, सोफ्याखाली ३. चौदाव्या दिवशी दुसरी फेरी केली. ती टाळता येत नाही, कारण औषधातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात आणि पिल्लांनी अजून अंडी घातलेली नसतात. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पलंग कोरडे. मी खूश.

चोविसाव्या दिवशी बाईंचा फोन. सोफ्याखाली दोन पिल्लं, आणि तीही बाहेरच्या खळगीत, म्हणजे दुसरीकडून सोफ्याकडे येणारी. सोफा मी दोनदा आतून बाहेरून पाहिला होता. तासभर शोधलं, काही नाही. शेवटी दमून मी शेजारच्या आरामखुर्चीत टेकलो तर आजी म्हणाल्या, “बसा बसा, दुपारी मी तिथेच लवंडते.”

मी उठलोच. पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘रात्री कोण कुठे झोपतं?’ ‘दिवसा कोण कुठे लवंडतं?’ हे विचारायचं राहून गेलं होतं. खुर्चीचं कापड दांड्यावर दुमडून शिवलं होतं. त्या दुमडीत नऊ ढेकूण आणि अंड्यांची एक रांग. ढेकूण रात्रीचा प्राणी खरा, पण माणूस रोज दुपारी दोन तास स्तब्ध बसत असेल तर तो आपलं वेळापत्रक बदलतो. कापड ड्रायरमध्ये, दांडे वाफेनं. आता मी प्रश्न बदलला आहे.

दुसऱ्या एका बाबतीत वाद झाला. भिंतीला लागून असलेल्या शेजाऱ्यांना सांगा, असं मी म्हणत होतो. घरचे तयार नव्हते. वायरिंगच्या नळ्या आणि पाइपांच्या भोकांतून ढेकूण पलीकडे जातात, आणि पलीकडे वाढले की इकडे परत येतात. शेवटी मुलीनंच जाऊन सांगितलं. शेजारच्या घरात तपासणीत काही निघालं नाही. भोकं मात्र दोन्ही बाजूंनी बुजवली.

शेवटचं पिल्लू एकतिसाव्या दिवशी सापडलं. त्यानंतर आठ आठवडे वाट्या रिकाम्या, तेव्हा मी काम संपलं म्हणालो. मुलीला मधेच अंग खाजायचं, नवी गांध मात्र नव्हती. थोडं भीतीचं असेल. पण विष्ठेत हिस्टामिन असतं आणि ढेकूण संपल्यावरही ते घरातल्या धुळीत काही महिने टिकतं, असं २०१८ सालच्या एका अभ्यासात दिसलं आहे, तेव्हा सगळं मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. धूळ पुन्हा एकदा नीट व्हॅक्यूम करून घेतली.

हॉटेलातल्या त्या चार रात्री

बाईंनी विचारलं, “तिथे आम्हाला कळायला हवं होतं का?” पाच मिनिटं दिली असती तर कदाचित. खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूममध्ये, फरशीवर. मग उशाकडच्या बाजूची चादर ओढून गादीचे दोन्ही कोपरे, किनारीची शिवण, आणि पलंगाच्या उशाची फळी भिंतीशी जिथे टेकते ती फट टॉर्चनं पाहायची. सामान ठेवायच्या घोडीच्या पट्ट्याही, कारण ढेकूण बॅगेत चढतो तो बहुधा तिथून नाहीतर पलंगावरून. काळे ठिपके दिसले तर फोटो काढून खोली बदलून मागायची, आणि ती लगतची, वरची किंवा खालची नको.

या कुटुंबाची मळलेले कपडे ठेवायची पिशवी चारही रात्री पलंगाच्या पायथ्याशी उघडी पडलेली होती. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की स्वच्छ कपड्यांपेक्षा अंगाचा वास लागलेल्या कपड्यांवर ढेकूण जवळपास दुपटीनं जमतात. मळके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचे आणि घरी आल्यावर थेट धुवायला टाकायचे, न वापरलेले निदान ड्रायरमधून काढायचे. बॅग झोपायच्या खोलीबाहेर रिकामी करायची, चेन आणि शिवणी व्हॅक्यूम करायच्या. मला विचाराल तर एवढ्यातलं एकच करायचं झालं तर हे शेवटचं करा. हॉटेलात नजर चुकू शकते, पण बॅग खाटेखाली सरकवली नसती तर या प्रकरणात लिहायला काही उरलं नसतं.

काही महिन्यांनी मुलीचा रात्री फोटो आला. प्रवासात होती. पलंगाच्या उशाची फळी, स्क्रूजवळ चार काळे ठिपके. “काका, हे?” मी लिहिलं, ओला कापूस फिरव. दोन मिनिटांनी दुसरा फोटो, पांढऱ्याशुभ्र कापसाचा. ठिपके पॉलिशखालचे होते. बॅग कुठे आहे, असं मी विचारणार, तेवढ्यात तिनंच लिहिलं, “बाथरूममध्ये.”